झाकण, नळी आणि शंकू
ज्वालामुखीच्या शालेय चित्राविषयी काही आक्षेप

पृथ्वीच्या अंतरंगाचा तक्ता बहुतेक शिक्षकांना डोळे मिटूनही आठवेल. वर तपकिरी रंगाचे पातळ कवच, त्याखाली लालभडक प्रावरण आणि मध्यभागी पिवळा गाभा. शेजारी दुसरी आकृती असते. शंकूसारखा डोंगर, त्याच्या पोटातून सरळ खाली उतरलेली नळी आणि नळीच्या तळाशी तोच लाल रंग. या दोन आकृत्या मिळून विद्यार्थ्याच्या मनात एकच चित्र तयार होते. पृथ्वीच्या पोटात वितळलेल्या खडकाचा समुद्र आहे, आपण त्यावरच्या झाकणावर राहतो, झाकणाला भोक पडले की आतला रस उसळून बाहेर येतो. विज्ञान प्रदर्शनात मातीच्या शंकूत खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस घालून लाल फेस काढला जातो, तेव्हा हे चित्र आणखी पक्के होते. टाळ्या मिळतात, कधी बक्षीसही मिळते.

प्राथमिक वर्गासाठी सोपे करून सांगितलेले चित्र अपुरे असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. हे चित्र अपुरे नसून चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचा पुरावा महाराष्ट्रातल्या बहुसंख्य शाळांच्या अंगणाखालीच आहे.

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पिंगळी हे गाव आहे. सपाट काळी जमीन, कापूस, ज्वारी, सोयाबीन. नजरेच्या टप्प्यात शंकूसारखा डोंगर नाही, विवर नाही. भूगोलाच्या पुस्तकात ज्वालामुखी म्हटले की व्हेसुव्हियस आणि फुजियामा येतात, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याला तो विषय परदेशाचा वाटतो. पण या काळ्या जमिनीखाली मुरूम आणि मुरुमाखाली जो काळा पाषाण लागतो, तो सगळा गोठलेला लाव्हा आहे. या भागातली एखादी खोल विहीर पाहावी. काही मीटर घट्ट, काळा, उभ्या चिरा गेलेला खडक. त्याखाली किंवा वर भोके असलेला, भोकांत पांढरे-हिरवट खडे भरलेला नरम खडक. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. कधी या दोहोंमध्ये विटकरी रंगाच्या मातीचा पातळ पट्टा सापडतो. एक लाव्हाप्रवाह गोठून, त्याच्या माथ्यावर ऊनपाऊस होऊन, मग दुसरा प्रवाह त्यावर आला, अशी ती नोंद आहे. असे थर एकावर एक रचून सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश झाकला गेला. हे घडले साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि त्यातला मोठा भाग भूशास्त्राच्या हिशेबाने फार थोड्या काळात, दहा लाख वर्षांच्या आसपास, साचला. डोंगरउतारावर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. ‘दख्खन ट्रॅप’ या नावातला ‘ट्रॅप’ हा स्वीडिश भाषेतल्या पायरीवाचक शब्दावरून आलेला आहे.

आता भिंतीवरचे चित्र या जमिनीवर ठेवून पाहा. शंकू कुठे आहे? नळी कुठे आहे? आणि खाली लाल समुद्र असेल तर तो ६ कोटी वर्षे गप्प का बसला?

समुद्रापासूनच सुरुवात करू, कारण मूळ चूक तिथे आहे. प्रावरण हा द्रव नाही. ते घन खडकाचे आहे, आणि हे आपल्याला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. भूकंपात दोन मुख्य प्रकारचे तरंग पृथ्वीच्या पोटातून जातात. प्राथमिक तरंग दाबत-सैलावत जातात, ते घनातून जातात तसेच द्रवातूनही जातात. दुय्यम तरंग पदार्थाला आडवे हलवत जातात. द्रवाला आपला आकार टिकवता येत नाही, म्हणून हे तरंग द्रवातून जाऊ शकत नाहीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या आर. डी. ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या दूरदेशीच्या नोंदींतून हे तरंग वेगळे ओळखले, आणि १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचा पुरावा मांडला. दुय्यम तरंग प्रावरणाच्या सुमारे २९०० किलोमीटर जाडीतून खुशाल आरपार जातात, अडतात ते बाह्य गाभ्याशी. वितळलेला समुद्र असलाच तर तो तिथे आहे, आणि तो लोखंडाचा आहे. त्याचा आपल्या बेसाल्टशी संबंध नाही. भारतातल्याच एका भूकंपाने दिलेले हे ज्ञान आपल्या तक्त्यावर अजून उतरलेले नाही, ही गोष्ट मला खटकते.

मग शिलारस येतो कुठून? इथे शिक्षकांच्या हाताशी एक चांगले उदाहरण आहे, ते म्हणजे प्रेशर कुकर. कुकरमधले पाणी १०० अंशांच्या वर तापलेले असते, तरी दाबामुळे त्याला जोराची उकळी फुटत नाही. दाब एकदम गेला तर वेगळी उष्णता न देताही ते खदखदून उकळते. प्रावरणातल्या खडकाचे असेच आहे. खोली एक किलोमीटरने वाढली की त्याचा वितळबिंदू साधारण तीन ते चार अंशांनी वाढतो. त्यामुळे शंभर किलोमीटर खाली तो अत्यंत तप्त असूनही घनच राहतो. असा तप्त घन खडक काही कारणाने हळूहळू वर सरकू लागला, तर त्याचे तापमान किलोमीटरमागे जेमतेम अर्ध्या अंशाने उतरते, पण वितळबिंदू त्याच्या कितीतरी पट वेगाने खाली येतो. एका उंचीवर दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात आणि खडक वितळू लागतो. वरच्या वर्गात याचा आलेख काढून घ्यावा, गणिताच्या तासालाही चालेल. वितळायला आग लागते हा समज एका आलेखाने जातो.

तोही सगळा वितळत नाही. थोडाच भाग वितळतो. थंडीत थिजलेले रवाळ तूप मंद आचेवर ठेवले की रव्यांच्या मधल्या फटींत पातळ तूप सुटते, रवा खाली बसतो आणि पातळ तूप वर येते. तसाच हा रस खनिजकणांच्या फटींतून पाझरत एकत्र येतो आणि भोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्यामुळे वर चढतो. शिलारस हा शब्द चांगला आहे, पण त्यातला ‘रस’ मुलांना फसवतो. प्रत्यक्षात तो द्रव, स्फटिक आणि विरघळलेले वायू यांचे मिश्रण असतो.

आता नळी. पाझरून आलेला रस थंड, ठिसूळ भूपट्टापर्यंत पोचला की पुढचा प्रवास पाझरून होत नाही. तिथे तो खडक फोडत जातो. लाकूड फोडताना पाचर ठोकतात, तशी शिलारसाची उभी, पातळ पाचर स्वतःची भेग स्वतःच उघडत पुढे सरकते. भेगेची लांबी किलोमीटरमध्ये, रुंदी मीटरमध्ये. ती थिजली की जी उभी भिंत उरते तिला भूशास्त्रात भित्ती म्हणतात. नळीऐवजी भेग हा बदल किरकोळ वाटेल, पण तो किरकोळ नाही. नळीला दिशा नसते, भेगेला असते. जिथे खडकावरचा दाब सर्वांत कमी असेल, त्या बाजूंना भेग उघडते. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी भूपट्ट कोणत्या दिशेने ताणला जात होता, याची नोंद भित्ती ठेवतात.

ही क्रिया अलीकडे जगाच्या डोळ्यांसमोर घडली. १० नोव्हेंबर २०२३ रोजी आइसलँडमध्ये ग्रिंडाविक गावाखालून सुमारे १५ किलोमीटर लांबीची शिलारसाची पाचर काही तासांत सरकली. रस्ते फाटले, गाव त्याच रात्री रिकामे करण्यात आले. बाहेर मात्र थेंबभरही लाव्हा आला नाही. पहिला उद्रेक झाला १८ डिसेंबरला. भूपट्टात शिरलेला शिलारस बाहेर पडलाच पाहिजे असे नाही. बराचसा वाटेतच गोठतो, आणि कवच त्या प्रमाणात रुंद व जाड होते. भिंतीवरच्या चित्रात ही शक्यताच नाही, कारण नळी वर उघडीच दाखवलेली असते.

आपल्याकडे या भेगांचे अवशेष पाहायचे तर धुळे-नंदुरबार भागात जावे. तापीच्या दक्षिणेला पूर्व-पश्चिमेच्या जवळपासच्या दिशेने शेकडो भित्ती गेल्या आहेत, त्यांपैकी एक सुमारे ७९ किलोमीटर लांब आहे. भोवतालचा खडक झिजला की त्या लांबलचक कण्यासारख्या उभ्या दिसतात. कोकण किनाऱ्यालगतच्या भित्ती बहुतांशी दक्षिणोत्तर आहेत. नाशिक, संगमनेर, पुणे या पट्ट्यातल्या भित्ती मात्र कोणत्याही एका दिशेच्या नाहीत. रासायनिक घडणीच्या तुलनेतून असे दिसते की सह्याद्रीतल्या वरच्या जाड लाव्हाथरांना शिलारस पुरवणाऱ्या भेगांत याच विस्कळीत दिशांच्या भित्तींचा मोठा वाटा असावा.

यातून निघणारा प्रश्न कोणत्याही पाठ्यप्रश्नापेक्षा चांगला आहे. भूपट्ट ताणला गेला म्हणून शिलारस वर आला, की शिलारस आला म्हणून भूपट्ट फाटला? कोकणातल्या दक्षिणोत्तर भित्ती पूर्व-पश्चिम ताण दाखवतात, आणि सेशेल्स बेटांचा भूखंड भारतापासून याच सुमारास, ६ कोटी ३० लाख वर्षांच्या आसपास, सुटला. पण त्या भित्ती आधीच्या लाव्हाथरांना छेदून गेलेल्या आहेत, म्हणजे नंतरच्या आहेत. मुख्य उद्रेकाच्या वेळी एकाच दिशेचा जोरदार ताण असता, तर नाशिक-पुण्याच्या भित्ती अशा विस्कळीत नसत्या. पुरावा पाहता फाटणे उद्रेकाच्या मागोमाग आले, असे म्हणण्याकडे माझा कल आहे.

शंकूबद्दल लिहायला फार नको, कारण पिंगळीची सपाट जमीनच पुरेशी बोलकी आहे. ‘ज्वालामुखी’ या शब्दातच मुख आहे, त्यामुळे आपण तोंड शोधत राहतो. सह्याद्रीतला प्रत्येक सुळका म्हणजे जुन्या ज्वालामुखीची नळी आणि लोणारचे सरोवर म्हणजे त्याचे तोंड, असेही सांगितले जाते. सुळके बहुतेक झिजेतून उरलेले आहेत आणि लोणारचे विवर अशनीच्या आघाताचे आहे. भेगेतून आलेला पातळ बेसाल्ट लाव्हा शंकू रचत बसत नाही, तो पसरतो. पण पिंगळीपर्यंत पसरला कसा? भित्तींचे ज्ञात दाट समूह इथून पश्चिमेला व वायव्येला आहेत, नाशिक तर सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. उघड्यावर वाहणारा लाव्हा इतके अंतर जाण्याआधीच थिजायला हवा.

इथे गोठलेल्या सायीची मदत होते. लाव्हाच्या वरच्या पृष्ठभागाला लवकरच घट्ट कवच येते. खडक उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे हे कवच आतल्या द्रवाला दुलईसारखे पांघरूण घालते. आत नवा लाव्हा येत राहतो, कवच वर उचलले जाते, प्रवाह जागच्या जागी फुगतो आणि त्याच्या कडेला नवा फुगा बाहेर पडतो. आधी गोठलेल्या माथ्यात वायूचे बुडबुडे अडकतात, तोच पुढे मांजऱ्या खडक होतो. मधला भाग सावकाश निवतो, आकसताना चिरतो, तो घट्ट पाषाण. विहिरीतल्या दोन खडकांचा अर्थ असा लागतो. पाणी चिरांत आणि माथ्याच्या झिजलेल्या भागात मिळते, मधल्या अखंड पाषाणात मिळत नाही. विंधन विहिरींवर पैसे घालवणाऱ्या गावातल्या मुलांना लाव्हाप्रवाहाची ही रचना शिकवली नाही, तर भूगोल त्यांच्या कोणत्या उपयोगाचा? आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ, परभणीपासून आणखी सहाशे किलोमीटरच्या आसपास, बेसाल्टचे थर आहेत. त्यांची घडण महाबळेश्वर भागातल्या थरांशी इतकी जुळते, की जुन्या नदीखोऱ्यांतून लाव्हा तिथपर्यंत वाहत गेला असे बरेच भूवैज्ञानिक मानतात. तसे असेल तर ते जगातल्या सर्वांत लांब ज्ञात लाव्हाप्रवाहांत मोडतील. पिंगळीखालचे सगळे थर पश्चिमेकडूनच आले असे मात्र ठोकून देऊ नये. वरच्या थरांनी झाकलेल्या भेगा आपल्याला दिसणार नाहीत, आणि न दिसणे म्हणजे नसणे नव्हे.

आता थोडे वरच्या वर्गांच्या पुस्तकांकडे. तिथे भूपट्ट येतात आणि त्यांच्याबरोबर एक नवी चूक येते. सागरी कटकाखालून वर येणारा शिलारस भूपट्टांना दोन्ही बाजूंना ढकलतो, म्हणून भूपट्ट सरकतात, असे सांगितले जाते. घटनांचा क्रम बहुतांशी उलटा आहे. पलंगावरून अर्धी खाली लोंबणारी गोधडी उरलेल्या भागालाही ओढत नेते. थंड, जड झालेले भूपट्टाचे टोक दुसऱ्या पट्टाखाली बुडते, तेव्हा ते उरलेल्या पट्टाला असेच ओढते. कटकापाशी पट्ट दूर गेल्यामुळे खालचा खडक वर येतो, दाब कमी झाल्याने वितळतो आणि रिकामी होणारी जागा भरतो. शिलारस तिथे धक्का देणारा नाही, भर घालणारा आहे.

याला अपवाद असू शकतो का? दख्खनच्या उद्रेकाच्या सुमारास भारतीय भूपट्टाचा वेग वाढून वर्षाला १५ सेंटिमीटरच्या वर गेला होता, असे सागरतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांवरून दिसते. आज तो ५ सेंटिमीटरच्या आसपास आहे. खालून आलेल्या तप्त खडकाने पट्टाला रेटा दिला, अशी मांडणी केंडी आणि स्टेगमन यांनी २०११ मध्ये केली. उत्तरेला एकाच वेळी दोन ठिकाणी पट्ट बुडत होते आणि ओढ दुप्पट झाली, अशी दुसरी मांडणी २०१५ मध्ये आली. दोन्ही वर्गात सांगता येतात. फक्त एकच ‘बरोबर उत्तर’ म्हणून सांगू नयेत.

तेच तप्तस्तंभाबद्दल. जेसन मॉर्गन यांनी १९७१ मध्ये सुचवले की प्रावरणाच्या तळापासून तप्त खडकाचे स्तंभ वर येतात. दख्खनचा लाव्हा अशा एका स्तंभाच्या माथ्यावर निर्माण झाला, आणि भारत उत्तरेला सरकल्यावर तोच स्तंभ आज रीयूनियन बेटाखाली आहे, अशी प्रचलित समजूत आहे. तिला चांगला आधार आहे. १९८७ मध्ये हिंदी महासागराच्या तळाला पाडलेल्या छिद्रांतून असे दिसले की मालदीव, चागोस, मॉरिशस, रीयूनियन या क्रमाने ज्वालामुखी खडकांचे वय कमी होत जाते. पण मुंबईच्या आयआयटीतील हेतू शेठ यांनी या समजुतीवर सातत्याने आक्षेप घेतले आहेत. स्तंभाचा माथा वर आला असता तर उद्रेकाआधी मोठा प्रदेश उचलला जायला हवा होता. लाव्हाखालच्या जुन्या जमिनीवर त्याच्या पुरेशा खुणा त्यांना दिसत नाहीत. भूपट्टातल्या जुन्या कमकुवत पट्ट्यांना ते अधिक महत्त्व देतात. आजही बहुसंख्यांचा कल स्तंभाकडे आहे, आणि वयाचा तो क्रम मलाही सहज बाजूला सारता येत नाही. तरी पुस्तकातल्या आकृतीत हा स्तंभ मेणबत्तीच्या ज्योतीसारखा ठसठशीत काढलेला असतो, जणू कोणी तो पाहून आला आहे. अनुमान आणि निरीक्षण एकाच शाईने रंगवू नयेत, एवढी अपेक्षा जास्त नाही.

प्रदर्शनासाठी सोड्याऐवजी दुसरा प्रयोग आहे. पारदर्शक डब्यात जिलेटीनची घट्ट जेली लावावी. तळाला छिद्र पाडून इंजेक्शनच्या सिरिंजने रंगीत पाणी सावकाश सोडावे. पाणी नळीने चढत नाही, उभ्या पात्यासारखी भेग करून चढते. डबा लवचिक असेल तर समोरासमोरच्या दोन बाजू दाबून धरा आणि पाते कोणत्या दिशेला वळते ते मुलांनाच सांगू द्या. शाकाहाराची अडचण असेल तर चायना ग्रास चालते, ते थोडे धुरकट होते इतकेच. फेस येत नाही, टाळ्या कमी पडतील.

हा सगळा वाद केवळ आकृतीपुरता असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. १९९९ पर्यंत परभणीचाच भाग असलेल्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी आणि पुन्हा १० जुलैला ४.५ च्या आसपास क्षमतेचे धक्के बसले. ते परभणी-नांदेडलाही जाणवले. अशा वेळी मुले विचारतात की ज्वालामुखी फुटणार का. झाकण आणि समुद्राचे चित्र शिकलेल्या मुलाचा हा प्रश्न अगदी तर्कशुद्ध आहे. त्याला ‘घाबरू नकोस’ हे उत्तर नव्हे. शिलारस वर येत असेल तर त्याच्या खुणा असतात. जमीन फुगते, वायू सुटतात, धक्क्यांची रांग पाचरीबरोबर सरकत जाते. ग्रिंडाविकला हे सगळे मोजले गेले. मराठवाड्यातले धक्के जुन्या, थंड भूपट्टावर साचलेल्या ताणाचे आहेत. भारतीय भूपट्टाची आशियाशी चाललेली टक्कर त्या ताणाच्या मुळाशी आहे. घर पडण्याची भीती खरी आहे आणि घराच्या बांधकामाकडे लक्ष द्यायला हवे, लाव्हाकडे नव्हे.

मुलांना पुरावा हवा असेल तर तोही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. वरचे ३३८ मीटर आपल्या ओळखीचा बेसाल्ट लागला. त्याखाली सुमारे ८ मीटर गाळ, म्हणजे पहिला लाव्हा येण्यापूर्वीची जमीन. आणि त्याखाली छिद्राच्या तळापर्यंत अब्जावधी वर्षांपूर्वीचा, थंड, घट्ट पट्टिताश्म.